लांब धावेचा इतिहास आणि आपली माहुलीची शर्यत

"तू इतिहास शिकवतेस, तेव्हा इतिहासावरच लिही. फक्त शिवकाल नको, तो आधीच दोघांनी घेतलाय." स्मरणिकेच्या संपादक मंडळातल्या आपल्या मैत्रिणीने फोनवर अशी अट घातली. मी विचारलं, "पळण्याचा इतिहास चालेल का?" पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाली, "चालेल, पण धावता धावता लिहू नकोस. मागच्या वेळी तुझं अक्षर लागलं नव्हतं."

तर मित्रमैत्रिणींनो आणि आदरणीय गुरुजनहो, हा लेख पळण्याच्या इतिहासातल्या एका छोट्याशा गोष्टीवर आहे. मॅरेथॉनच्या शर्यतीवर नाही, शर्यतीआधी कित्येक आठवडे सरावात जी एक लांब धाव पुरी करावी लागते तिच्यावर. त्या धावेला ना नंबर असतो, ना पदक, ना टाळ्या. पण मॅरेथॉनचा इतिहास वाचताना मला सारखं जाणवलं, की निकाल पुष्कळदा तिथेच लागलेला असतो. विशेषतः ज्यांना शर्यतीत घेतच नव्हते, त्यांचा.

निमित्त माझंच आहे. येत्या जानेवारीत मी मुंबई मॅरेथॉनला उभी राहणार आहे. वय तुम्हाला ठाऊकच आहे, कारण ते तुमचंही आहे. त्या तयारीतली सगळ्यात लांब धाव, ३२ किलोमीटरची, मी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी केली. सुरुवात कुठून करायची याचा फार विचार करावा लागला नाही. पहाटे साडेचारला आपल्या शाळेच्या बंद फाटकाला हात लावला आणि निघाले. समर्थ मंदिर, तिथून यवतेश्वरचा घाट, पुढे कासच्या रस्त्याने एकूण १६ किलोमीटर जायचं आणि त्याच वाटेने परत. मागे स्कूटीवर आमचे हे, दोन बाटल्या लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, खजूर आणि राजगिऱ्याचे लाडू घेऊन. यांच्या मते या सगळ्या प्रकारात सर्वांत अवघड काम स्कूटी इतक्या हळू चालवणं हे आहे.

फाटकापासूनच का, ते सांगते.

आपण नववीत होतो तेव्हाची क्रीडासप्ताहाची शर्यत आठवते? शाळेपासून माहुलीपर्यंत आणि परत. नदीवर पोचल्याची खूण म्हणून मनगटावर शाईचा शिक्का मारत असत आणि मुलं तो शिक्का आठवडाभर धूत नसत. मुलींसाठी १०० मीटर, लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. मी पीटीच्या सरांकडे गेले आणि माहुलीच्या शर्यतीत नाव घाला म्हणाले. रोज सायकल नसल्याने मी घर ते शाळा, शाळा ते क्लास पळतच असे, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटत नव्हतं. सर रागावले नाहीत. उलट मायेने म्हणाले, "पोरींना नाही झेपायचं ते. वाटेत काही झालं तर तुझ्या वडिलांना मी काय सांगू?" यादी फळ्यावर लागली, तीत माझं नाव नव्हतं. त्या वर्षी मी लिंबू-चमच्यात दुसरी आले. तो पेला अजून घरात आहे, त्यात सुटे पैसे ठेवतो.

पुढे इतिहास शिकवायला लागले तेव्हा कळलं, की फळ्यावर न लागलेल्या नावांची यादी फार जुनी आहे.

१८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं. मॅरेथॉन गावापासून अथेन्सच्या स्टेडियमपर्यंत साधारण ४० किलोमीटरची शर्यत ठेवली होती. १० एप्रिलला ती स्पिरिडॉन लुईस या पाणी वाहून पोट भरणाऱ्या ग्रीक तरुणाने जिंकली आणि अख्खा देश वेडा झाला. शाळेच्या पुस्तकात इतकंच येतं. त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट मात्र येत नाही. स्टमाटा रेविथी नावाची एक गरीब बाई, तिशीची, पदरात लहान मूल, शर्यतीत भाग घ्यायला आली होती. तिला घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटीच त्याच वाटेने निघाली. निघण्याआधी तिने एक शहाणपणाचं काम केलं. गावाचा प्रमुख, न्यायाधीश आणि गावातले शाळामास्तर यांच्याकडून 'ही बाई आठ वाजता इथून निघाली' अशा कागदावर सह्या घेतल्या. साडेपाच तासांच्या आसपास ती अथेन्सला पोचली. स्टेडियमच्या आत तिला जाऊ दिलं नाही. पोचल्याच्या वेळेवरही तिने भेटतील त्या अधिकाऱ्यांच्या सह्या घेतल्या म्हणतात. तो कागद पुढे टिकला नाही. पण मला त्यातले ते शाळामास्तर विसरता येत नाहीत. त्या सकाळी त्यांनी सही केली, एवढंच.

आपल्या भागाचाही यात एक मानाचा कोपरा आहे. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यती पाहताना जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या लक्षात आलं, की अनवाणी पळणारी ही शेतकरी मुलं कोणत्याही शास्त्रशुद्ध शिक्षणाशिवाय युरोपातल्या धावपटूंच्या वेळेच्या जवळ जाताहेत. त्यांनी खटपट केली आणि १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचे खेळाडू गेले. त्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. त्या वर्षीची मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत १९ वे आले. ज्याला कुणी शिकवलं नव्हतं त्या माणसाने हे केलं, कारण कुणीतरी मैदानाकडे नीट पाहिलं आणि त्याचं नाव यादीत घातलं.

बायकांच्या बाबतीत मात्र यादी आणखी आखूड झाली. १९२८ साली ॲमस्टरडॅमला पहिल्यांदा बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. जर्मनीच्या लीना राडकेने ती जिंकली. अंतिम शर्यतीत नऊ जणी होत्या आणि नऊच्या नऊ पोचल्या. पण वर्तमानपत्रांनी लिहिलं, की बायका धडाधड कोसळल्या, दृश्य पाहवत नव्हतं. शर्यत संपल्यावर कुणी मैदानावर बसलं, पडलं, तर पुरुषही बसतात, पडतात. तरी त्या बातम्यांच्या जोरावर ८०० मीटर बंद झाली ती १९६० पर्यंत. १५०० मीटर आली १९७२ ला. म्हणजे आपण नववीत असताना तोवरच्या ऑलिंपिकमध्ये बाईने पळायचं सर्वांत लांब अंतर दीड किलोमीटर होतं. माहुली त्याहून कितीतरी लांब. सरांनी ते मनाने काढलं नव्हतं, सगळं जग तेच म्हणत होतं.

आता सरावाकडे वळते.

सुरुवातीच्या काळात मॅरेथॉनवाले सरावात लांब अंतर पळण्यापेक्षा चालत जास्त. लांब पळालो तर शर्यतीआधीच दम संपेल अशी भीती होती. ती भीती मोडण्यात मोठा वाटा न्यूझीलंडच्या आर्थर लिडियर्ड यांचा. हे ऑकलंडमध्ये बुटांच्या कारखान्यात काम करायचे. तरुणपणी रग्बी खेळत म्हणून स्वतःला तंदुरुस्त समजत. एकदा क्लबातल्या एका वयस्कर धावपटूबरोबर पाच-सहा मैल पळाले आणि जीव जायची वेळ आली. तेव्हा त्यांनी स्वतःलाच प्रयोगाचा उंदीर केलं. आठवड्याला किती पळालं तर शरीर मोडतं आणि किती पळालं तर घडतं, हे स्वतः पळून पाहिलं. काही आठवडे तर २५० मैलांपर्यंत गेले. शेवटी आठवड्याला साधारण १०० मैल आणि रविवारी एक लांब धाव, असं गणित बसवलं. ती रविवारची धाव ऑकलंडजवळच्या डोंगरातून, वाइआटारुआच्या चढावरून, २२ मैलांची असे. म्हणजे ३५ किलोमीटर.

त्यांचे शिष्य बहुतेक आसपासच्या गल्ल्यांमधले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबरला तासाभराच्या आत त्यांच्यातल्या दोघांनी सुवर्णपदकं घेतली. पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि रग्बीतल्या दुखापतीने एक हात निकामी झालेल्या मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं. मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी पळून पहिला आला हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच शर्यतीत तिसरा आलेला बॅरी मॅगी हाही लिडियर्डच्याच रविवारच्या टोळीतला. गंमत पाहा, ८०० मीटर पळायला दोन मिनिटंही लागत नाहीत, तरी स्नेलसुद्धा रविवारी तीच २२ मैलांची वाट तुडवायचा.

याचं कारण लिडियर्डना अनुभवाने कळलं होतं. शास्त्राने ते थोड्या वर्षांनी सांगितलं. आपल्या स्नायूंत आणि यकृतात साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. तो भरलेला असला तरी साधारण २००० कॅलरींचा. पळताना किलोमीटरला सुमारे आपल्या वजनाच्या आकड्याइतक्या कॅलरी लागतात. साठ किलोच्या माणसाला साठ. आता भागाकार करा. तिसाव्या-बत्तिसाव्या किलोमीटरच्या आसपास कोठार रिकामं होतं. धावपटू याला 'भिंत' म्हणतात. चरबी पुष्कळ शिल्लक असते, पण तिचं इंधन सावकाश मिळतं.

१९६६ च्या सुमाराला स्टॉकहोममध्ये योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या दोन डॉक्टरांनी एक मजेशीर प्रयोग केला. एकाच व्यायामाच्या सायकलला दोघे दोन बाजूंनी बसले आणि प्रत्येकाने एकाच पायाने पॅडल मारलं, पाय पार थकेपर्यंत. मग दोघांनीही भरपूर पिष्टमय अन्न खाल्लं आणि सुईने दोन्ही मांड्यांतला स्नायूचा कण काढून तपासला. आराम केलेल्या पायात विशेष फरक नव्हता. थकवलेल्या पायातला साठा मात्र पहिल्यापेक्षा कितीतरी वाढला होता. जेवण एकच, माणूस एकच. जो पाय रिकामा झाला होता तोच जास्त भरला.

सरावातली लांब धाव हेच करते. ती शरीराला रिकामं होऊ देते, म्हणजे पुढच्या वेळी ते जास्त साठवतं आणि चरबी लवकर वापरायला शिकतं. आणि म्हणूनच ती साधारणपणे ३०-३५ किलोमीटरवर थांबवतात. पूर्ण ४२.१९५ पळालं तर भरून यायलाच इतके दिवस जातात, की बाकीचा सराव बुडतो.

पण काही जणांना सरावातच पूर्ण अंतर पळावं लागलं, कारण त्यांना आधी कुणाला तरी पटवायचं होतं.

बॉस्टन मॅरेथॉन अमेरिकेतली सर्वांत जुनी, १८९७ पासूनची. १९६६ साली बॉबी गिब या तरुणीने तिचा अर्ज मागवला. उत्तर आलं, की इतकं अंतर पळणं बायकांच्या शरीराला शक्य नाही. हे पत्र ज्या मुलीला आलं ती सरावात एका दिवसात ४० मैलांपर्यंत पळालेली होती. ती सुरुवातीच्या रेषेजवळ झुडपात लपली, निम्मे लोक पुढे गेल्यावर त्यांच्यात मिसळली आणि ३ तास २१ मिनिटांत पोचली. दोन तृतीयांश पुरुष तिच्या मागे होते.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात सिराक्यूज विद्यापीठात कॅथरीन स्विट्झर ही पत्रकारितेची विद्यार्थिनी पुरुषांच्या क्रॉसकंट्री संघाबरोबर सराव करत होती. मुलींचा संघच नव्हता. तिला सोबत करणारे आर्नी ब्रिग्ज हे विद्यापीठाचे टपालवाले, वय पन्नास. पंधरा वेळा बॉस्टन पळालेले. रोज बर्फात पळताना ते बॉस्टनच्या गोष्टी सांगत. एका डिसेंबरच्या रात्री, हिमवादळात, ती वैतागून म्हणाली, की गोष्टी पुरे, आपण पळूच या. ब्रिग्ज म्हणाले, बाईला ते जमणार नाही. ती अडून बसली. तेव्हा त्यांनी तोड काढली: सरावात पूर्ण अंतर पळून दाखव, मग तुला मी स्वतः बॉस्टनला घेऊन जातो.

शर्यतीच्या तीन आठवडे आधी दोघे सरावाला निघाले. २६ मैल झाले, घराजवळचा रस्ता आला. स्विट्झरला वाटलं, हे फारच सोपं गेलं, कदाचित अंतर मोजण्यात चूक झाली असेल. ती म्हणाली, अजून पाच मैल पळू या. पळाले. एकूण ३१ मैल, म्हणजे जवळजवळ ५० किलोमीटर. तिने पुढे सांगितलं आहे, की शेवटी आनंदाने तिने ब्रिग्जना मिठी मारली तर ते शुद्ध हरपून पडले. दुसऱ्या दिवशी ते तिच्या वसतिगृहावर हजर. आता त्यांचाच आग्रह, की अर्ज रीतसर भरायचा, चोरून पळायचं नाही. नियमांचं पुस्तक काढून पाहिलं, तर बायकांना मनाई असा शब्द त्यात कुठेच नव्हता. तिने नेहमीप्रमाणे आद्याक्षरांची सही केली, के. व्ही. स्विट्झर. नंबर मिळाला २६१.

१९ एप्रिल १९६७ ला शर्यतीत दोनेक मैलांवर एक अधिकारी गाडीतून उतरून तिच्या अंगावर धावून आला आणि नंबर ओढू लागला. तो फोटो जगभर गेला. ब्रिग्ज ओरडत मध्ये पडत होते. तिच्या हातोडाफेक करणाऱ्या मित्राने त्या अधिकाऱ्याला बाजूला ढकललं. ती सुमारे ४ तास २० मिनिटांत पोचली. त्याच शर्यतीत बॉबी गिबही पुन्हा विनानंबर पळाली आणि तिच्या जवळजवळ तासभर आधी पोचली.

तो फोटो सगळे दाखवतात. मला मात्र जास्त मोलाची वाटते ती तीन आठवड्यांपूर्वीची संध्याकाळ, जिचा फोटो नाही. अंगावर धावून आलेल्या माणसाचं मत त्या दिवशी बदललं नाही. टपालवाल्या ब्रिग्जचं मत मात्र ३१ मैलांच्या सरावात बदललं होतं, आणि ते बदलल्यावर तेच तिचे सर्वांत पक्के साथीदार झाले.

पुढचं थोडक्यात सांगते. १९७२ मध्ये बॉस्टनने बायकांना अधिकृत प्रवेश दिला. १९८१ मध्ये ऑलिंपिक समितीने बायकांची मॅरेथॉन मंजूर केली. पहिली पळवली गेली ती १९८४ ला, लॉस एंजेलिसला. १९८४ म्हणजे आपल्या दहावीचं वर्ष. मार्चमध्ये आपण बोर्डाचे पेपर देत होतो, तेव्हा अमेरिकेत जोन बेनॉइट २० मैलांची सरावधाव करत होती आणि ती तिला पुरी करता आली नाही. सतराव्या मैलाजवळ गुडघा अडकला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. सतरा दिवसांनी निवड चाचणी होती, ती तिने जिंकली. ५ ऑगस्टला तिने २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत पहिलं सुवर्णपदक घेतलं. आपण त्या आठवड्यात पी. टी. उषाच्या एका शतांश सेकंदाने हळहळत होतो आणि अकरावीच्या प्रवेशाच्या गडबडीत होतो. बायकांनी मॅरेथॉन पळाल्याची बातमी मी तेव्हा वाचल्याचं मला आठवतही नाही.

आज आपल्या जिल्ह्याला हे सांगायची गरज नाही. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली येत गेली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पळाली. २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटात हिल हाफ मॅरेथॉन होते आणि तीत आमच्यासारख्या कितीतरी बायका हौसेने पळतात. शाळेतल्या मुली तर सहज पळतात. त्यांना यात काही विशेष आहे असं वाटत नाही, आणि ते फार बरं आहे.

आता माझ्या ३२ किलोमीटरकडे परत येते.

जाताना घाट अंधारात चढले, दम लागला पण त्रास झाला नाही. वर धुकं होतं. पठारावरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. सोळाव्या किलोमीटरला वळले तेव्हा नुकतं उजाडलं होतं. पंचविसापर्यंत सगळं नीट चाललं. मग तीच ती 'भिंत', थोडी अलीकडेच उभी होती. सत्ताविसाव्याला घाट उतरू लागले आणि कळलं, की चढापेक्षा उतार वाईट. मांड्या प्रत्येक पावलाला ब्रेक मारतात आणि प्रत्येक पावलाला कळ येते. खाली सातारा दिसत होता, अजिंक्यतारा दिसत होता, आणि मला काहीही नको होतं. मी स्कूटीकडे पाहिलं. मागे बसलं की दहा मिनिटांत घर. कुणी विचारणारही नव्हतं. यांनी काही न बोलता राजगिऱ्याचा लाडू पुढे केला. तो खाल्ला, पाणी प्याले आणि पुढच्या विजेच्या खांबापर्यंत, मग त्याच्या पुढच्या खांबापर्यंत, अशी उतरत गेले. ते खांब मोजताना मनात ना ऑलिंपिक होतं ना इतिहास. फक्त फाटक होतं.

९ वाजून ५ मिनिटांनी हात लावला. ४ तास ३५ मिनिटे. स्विट्झरला ४२ किलोमीटरला जेवढा वेळ लागला, त्याहून मला ३२ ला जास्त लागला. पायरीवर बसले आणि दहा मिनिटं उठता आलं नाही. शिपाईमामांनी खुर्ची आणून दिली आणि विचारलं, "बाई, कुणाची ॲडमिशन आहे का?"

शेवटचं थोडं सरांविषयी. सप्टेंबरमध्ये मेळाव्याचं निमंत्रण द्यायला आम्ही चौघे त्यांच्या घरी गेलो होतो. सर आता पंचाऐंशीच्या पुढे आहेत. ऐकू थोडं कमी येतं, पण ताठ बसतात. कुणीतरी सांगितलं, की ही मुंबई मॅरेथॉन पळणार आहे. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "सरावात सगळ्यात लांब किती झालंय?" मी म्हणाले, "एकवीस." ते म्हणाले, "बत्तीस होऊ दे. झालं की मला कळव."

त्या रविवारी दुपारी फोन केला. सरांनी अभिनंदन वगैरे केलं नाही. त्यांनी विचारलं पाणी किती वेळा प्यालीस, बूट नवे होते का जुने, घाट चालत उतरलीस की पळत. मी म्हणाले, "पळत, सर. हळू, पण पळत." ते थोडा वेळ गप्प होते. मला वाटलं, ऐकू आलं नाही. मग म्हणाले, "माहुलीच्या त्या यादीवर सही माझी होती." मी म्हणाले, "हो सर." पुढे ते म्हणाले, "मुंबईत पहिले दहा किलोमीटर आवर स्वतःला," आणि फोन ठेवला.

सर, तुम्ही हे वाचाल तेव्हा मुंबईची शर्यत अजून व्हायची असेल. ती कशी होईल ते आज सांगता येत नाही. पण माझी सरावाची एक वही आहे. त्यात तारीख, अंतर, वेळ लिहिते. ३२ किलोमीटरच्या ओळीपुढचा रकाना मी कोरा ठेवला आहे. मेळाव्याला वही घेऊन येणार आहे, आणि पेनही. तेवढी एक सही द्या.